सहनांक

नागपूर विमानतळाच्या गेटवर पास यंत्राखाली धरला तेव्हा हिरव्याऐवजी पिवळा दिवा लागला. सुमेधाबाई खोब्रागडे यांना वाटले, आपलाच हात हलला असावा. त्यांनी पास पदराला पुसला आणि पुन्हा धरला. दिवा पुन्हा पिवळाच लागला.

"मॅडम, जरा बाजूला उभ्या राहता का?" गेटवरची मुलगी म्हणाली. तिच्या छातीवरच्या पट्टीवर शलाका ठवकर असे नाव होते. "विमान भरलं आहे. तुमची जागा उद्या संध्याकाळच्या विमानात केली आहे. राहण्याजेवणाची सोय कंपनी करेल."

"बरं," सुमेधाबाई सवयीने म्हणाल्या आणि लगेच दचकल्या. "म्हणजे, बरं नाही. उद्या चालणार नाही बेटा. मला आजच गुवाहाटीला पोचायचं आहे. माझ्याकडे हे आहे."

'हे' म्हणजे त्यांच्या खांद्याला तिरपी अडकवलेली निळी शीतपेटी. वर्ध्याच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झाल्यापासून सुमेधाबाई मूळ पेशींच्या एका नोंदणी संस्थेसाठी विनामूल्य वाहकाचे काम करत होत्या. अनोळखी दात्याच्या रक्तातून वेगळ्या केलेल्या पेशी एका शहरातून घ्यायच्या आणि दुसऱ्या शहरातल्या अनोळखी रुग्णापर्यंत हातोहात पोचवायच्या, एवढेच ते काम. रुग्णाचे नाव वाहकाला सांगत नाहीत. त्यांना फक्त इतके ठाऊक होते, की गुवाहाटीच्या रुग्णालयात एक माणूस निर्जंतुक खोलीत पडून आहे. नव्या पेशींना जागा व्हावी म्हणून त्याची रोगट अस्थिमज्जा औषधांनी संपूर्ण नष्ट केलेली आहे. आता त्याच्या शरीरात रक्त तयार करणारे काहीही शिल्लक नाही. मागे फिरण्याचा रस्ता डॉक्टरांनीच बंद केलेला असतो. पेटी पोचली तर तो जगतो.

शरीराबाहेर या पेशी जेमतेम तीन दिवस टिकतात. त्यातला कालचा दिवस धुक्याने खाल्ला होता. आजचे विमान शेवटचे होते. उद्याचे विमान उतरेल तेव्हा पेटीत नुसता निर्जीव लालसर द्रव असेल, औषध नसेल.

शलाकाने रुग्णालयाचे पत्र वाचले. तिचा चेहरा पडला. "काकू, हे मला समजतं. यंत्राला समजत नाही ना. यात हे टाकायला जागाच नाही."

"मग साहेबांना बोलवा."

"साहेब नाहीत. गेटवर मी आहे, आणि हे यंत्र आहे. माझ्या हातात फक्त सॉरी म्हणणं आहे."

"सरकारी अधिकारी असेल. विमानतळावर प्रवाशांसाठी एक खोली असायची."

"ती तिथं होती." शलाकाने बोट दाखवले. त्या जागी आता पाय चेपून देणाऱ्या चार खुर्च्या होत्या. एकीत एक गृहस्थ डोळे मिटून थरथरत होते.

*

त्या खुर्च्या तिथे कशा आल्या, हे सुमेधाबाईंना ठाऊक होते. त्यांना ती बातमी आवडलीही होती.

काही प्रवासी ऐनवेळी येत नाहीत, म्हणून विमान कंपन्या जागांपेक्षा अधिक तिकिटे विकतात. सगळेच आले, की कुणाला तरी उतरवावे लागते. कुणाला, हा प्रश्न पूर्वी गेटवरचा माणूस आपल्या मगदुराप्रमाणे सोडवत असे, आणि त्यातून भयंकर प्रसंग घडत. एका वृद्धाला खुर्चीवरून फरफटत नेल्याची आणि चाकाच्या खुर्चीतल्या मुलीला धावपट्टीवर उन्हात ठेवल्याची चित्रफीत घरोघर पोचली. संसदेत विधेयक आले. कुणाला उतरवायचे, कोणत्या कारणाने आणि कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने, हे यापुढे सरकार ठरवणार होते. कंपन्यांनी सुधारण्यासाठी मुदत मागितली आणि त्या मुदतीत यंत्र आणले.

यंत्राचे तत्त्व साधे होते. गेटवर झालेल्या लाखो जुन्या प्रसंगांच्या नोंदी त्याला शिकवल्या गेल्या. कोण ओरडले, कोणी चित्रण केले, कोण न्यायालयात गेले, आणि कोण 'ठीक आहे' म्हणून पिशवी उचलून निघून गेले, हे त्याने त्यांतून पाहिले. हेल्पलाइनवर बोलताना माणूस दोन वाक्यांच्या मध्ये किती थांबतो, त्याच्या स्वराला किती कंप असतो, उशीर झाल्यावर तो कॅमेऱ्यासमोर कसा बसतो, यांचा त्या शेवटाशी असलेला संबंध त्याने शोधून काढला. आता तिकीट घेताक्षणी प्रत्येकाला शंभरापैकी एक अंक मिळत असे, आणि वागण्याबोलण्याप्रमाणे तो दार बंद होईपर्यंत बदलत राही. कंपन्या त्याला सहनांक म्हणत. ज्याचा सहनांक सर्वांत जास्त, त्याला उतरवायचे. प्रवास कशासाठी आहे, हे यंत्राला जाणूनबुजून शिकवले नव्हते. कारण विचारले तर सगळेच खोटे सांगतील, असा कंपन्यांचा युक्तिवाद होता, आणि तो अगदीच चुकीचा नव्हता.

गेटवरची भांडणे जवळजवळ थांबली. तक्रारी दशांशावर आल्या. तक्रारी कमी झाल्या म्हणजे अन्याय कमी झाला, असे मानून विधेयक बाजूला ठेवण्यात आले आणि विमानतळांवरच्या अधिकाऱ्यांच्या खोल्या भाड्याने देण्यात आल्या. सुमेधाबाईंनी तेव्हा नवऱ्याला वर्तमानपत्र दाखवले होते. "बघा, सरकारच्या दंडुक्याशिवायही माणसं सुधारतात." वीजमंडळातून निवृत्त झालेले नरेशराव म्हणाले होते, "तक्रार नाही म्हणजे एकतर दिवे लागलेत, नाहीतर गावानं अंधाराची सवय करून घेतलीय. आम्ही फोन न करणारं गाव सगळ्यात शेवटी दुरुस्त करायचो."

वाहकांना जे प्रशिक्षण मिळते, ते त्या यंत्राने जणू स्वतः लिहिले असावे असे होते. पेटी हातावेगळी करायची नाही. तिला हिसका बसू द्यायचा नाही. गर्दीपासून दूर राहायचे. आवाज कधीही चढवायचा नाही, कारण आवाज चढला की माणसे जमतात, आणि माणसे जमली की हात पुढे येतात. सुमेधाबाईंनी हे नियम वर्षानुवर्षे पाळले होते. प्रत्येक उशिराच्या वेळी त्या भिंतीला पाठ लावून, पेटी मांडीवर घेऊन, शांत बसल्या होत्या. प्रत्येक वेळी छतावरचा कॅमेरा ते पाहत होता.

*

"किती आहे माझा?" त्यांनी विचारले.

शलाकाने इकडेतिकडे पाहिले आणि पडदा किंचित वळवला. सत्त्याण्णव.

"इतका मी कुणाचाच पाहिला नाही काकू," ती हळू आवाजात म्हणाली. "लोक तर आजकाल आकडा पाडून घेतात. त्याचे क्लास निघालेत. सकाळपासून चौघांनी मला शिव्या घातल्या. एक जण शिव्या देऊन झाल्यावर कानाशी येऊन म्हणतो, ताई, मनावर नका घेऊ, आकडा पाडायचा होता."

"मग मी काय करू?"

"मी कसं सांगू? मी कंपनीची माणूस." तिने पडदा परत फिरवला. "दार बंद व्हायला अजून वेळ आहे."

सुमेधाबाईंनी आधी वाहकाला शोभेल असा मार्ग धरला. त्या रांगेपाशी गेल्या आणि एकेकाला विचारू लागल्या: कुणी आपली जागा देईल का? सुटातल्या तरुणाने कानातली यंत्रेही काढली नाहीत. एका बाईंनी सगळे ऐकून घेतले, मग म्हणाल्या, "मागच्या महिन्यात एकानं अशीच पेटी दाखवली होती म्हणे. आत संत्र्याची बर्फी निघाली." मागून कुणीतरी हसले. एका म्हाताऱ्याने पत्र वाचले. त्याचे डोळे भरून आले. त्याने हात जोडले आणि तो रांगेतून पुढे सरकला.

त्यांनी नरेशरावांना फोन लावला. ते बाहेर गाडीतच बसून होते. विमान उडाल्याशिवाय परत फिरायचे नाही, ही त्यांची रीत होती.

"ओरड," सगळे ऐकून ते म्हणाले.

"अहो, मला येत नाही ते."

"जन्मभर माझ्यावर कोण ओरडलं मग?"

"मी कधी ओरडले तुमच्यावर?"

"तेच तर. एकदा तरी ओरडली असती तर सराव राहिला असता." त्यांचा आवाज बदलला. "सुमे, ऐक. मला आत येऊ देत नाहीत. आलो असतो तर त्या मशीनचा मी घामटा काढला असता. आता तूच आहेस तिथं. फोन चालू ठेव आणि हो पुढं."

सुमेधाबाई काउंटरसमोर उभ्या राहिल्या. त्यांनी पेटीचा पट्टा घट्ट धरला. "हा अन्याय आहे!" त्या मोठ्याने म्हणाल्या. "एका माणसाचा जीव जाईल. तुम्हाला याचा जाब द्यावा लागेल. ही व्यवस्था, मी म्हणते, मुळातच सदोष आहे!"

काही माना वळल्या आणि पुन्हा फोनकडे गेल्या. शलाकाने पडद्याकडे पाहून नकारार्थी मान हलवली. "शहाण्णव."

"अगं, तू भांडून राहिली का शिकवून राहिली?" फोनमधून नरेशराव म्हणाले. "सदोष काय म्हणते? टेबलावर हात आपट. आईबहीण काढ कुणाची तरी!"

त्यांनी हात आपटला. आपटतानाही दुसरा हात आपोआप पेटीखाली गेला, हादरा बसू नये म्हणून. यंत्राने तेही पाहिले असणार. त्याने खरे आणि खोटे लाखो आवाज ऐकले होते. क्लासला जाऊन आलेलेही. आकडा शहाण्णववरून हलला नाही.

अखेरच्या प्रवाशांना बोलावले गेले. रांग दारातून आत आटत गेली. सुमेधाबाई दारापाशी गेल्या आणि चौकटीला टेकून उभ्या राहिल्या. त्यांना रडू येत नव्हते. डोळ्यांसमोर एक खोली येत होती, काचेच्या दाराची, आणि तिच्यात कुणीतरी, ज्याचे वयही त्यांना ठाऊक नव्हते, घड्याळाकडे पाहत होते.

"मॅडम, दार मोकळं करा," सुरक्षारक्षक म्हणाला. तो उद्धट नव्हता. त्याने त्यांना बाजूला घेण्यासाठी हात पुढे केला, आणि तो हात पेटीच्या पट्ट्यावर पडला. पट्टा ओढला गेला.

जो आवाज निघाला तो आपला आहे, हे सुमेधाबाईंना काही क्षण कळले नाही. त्यात शब्द नव्हते. त्या पेटी पोटाशी धरून जमिनीवर बसल्या होत्या, गुडघ्यांनी तिला झाकत होत्या आणि किंचाळत होत्या. रक्षक दोन पावले मागे सरला. दूरच्या गेटांवरची माणसेसुद्धा उभी राहिली. फोन वर झाले, एकाच्या मागे एक.

"काकू! काकू, पुरे, झालं!" शलाका धावत आली. "अकरा. अकरावर आला. दुसऱ्याचं नाव आलंय. उठा, आत जा."

जमिनीवर पडलेल्या फोनमधून नरेशरावांचा आवाज येत होता. "शाब्बास! शाब्बास सुमे!"

*

विमानाकडे नेणाऱ्या उताराच्या बोळातून एक बाई उलट्या दिशेने येत होती. तिशीची, ठेंगणी, पाठीवर फुगलेली पिशवी. चेहऱ्यावर आपलेच काहीतरी चुकले असावे असा भाव होता. ती केव्हाच आत जाऊन बसली होती. यंत्राने आता तिला निवडले होते.

"तुमचं नाव?" सुमेधाबाईंनी तिला अडवून विचारले.

"जोनमणी दास." ती मोडक्या मराठीत बोलली. नागपुरात मुलींच्या वसतिगृहात ती स्वयंपाक करत होती. "ठीक आहे बाईजी. तुमचा पेशंट आहे ना? मी आत विमानात ऐकला. जा तुम्ही."

"आणि तुम्हाला? तुम्हाला कशासाठी जायचं होतं?"

"बिहू आहे. तुमचा संक्रांत, तसा. माझी मुलगी आईजवळ असते गावात. दोन वर्ष झाली, नाही भेटली. उद्या रात्रीला सगळे मिळून जेवतात, शेतात, आग करून. मी बोलली होती येते." ती हसली. "उद्याच्या विमानानं जाते. रात्री उशीर होईल, पण जाते. आई न् मुलगी एअरपोर्टला येणार आहेत."

जीव आणि जेवण एका तागडीत घालता येत नाहीत, हे सुमेधाबाईंना कळत होते. कुणाचे जाणे अधिक निकडीचे आहे, हे विचारले असते तर जोनमणीने स्वतःच जागा दिली असती, आणि ते देणे ठरले असते. पण तिला कुणी विचारले नव्हते. तिच्याकडून जागा काढून घेतली गेली होती, कारण ती ओरडणार नाही हे यंत्राला पक्के ठाऊक होते.

"तुम्ही ओरडा," सुमेधाबाई तिचा दंड धरून म्हणाल्या. "आत्ता. माझ्यासारखं."

"मग तिसऱ्याला काढणार ना?" जोनमणी म्हणाली. "जा बाईजी. दार बंद होईल."

विमानात सुमेधाबाईंना पुढच्या रांगेत, रुंद खुर्चीवर बसवण्यात आले. हवाई सेविकेने न मागता पाणी आणले, पेटीसाठी उशी आणली आणि दर थोड्या वेळाने येऊन सगळे ठीक आहे ना, असे विचारले. तिच्या डोळ्यांत आदर नव्हता. भीती होती.

गुवाहाटीला रुग्णालयाचा माणूस विमानाच्या दारातच उभा होता. त्याने तापमान पाहिले, आतली पेशींची पिशवी उजेडात धरून पाहिली आणि पेटी घेऊन तो अक्षरशः धावत सुटला. पहाटे नोंदणी संस्थेच्या समन्वयकाचा निरोप आला: पेशी चढवल्या, रुग्ण स्थिर. सुमेधाबाईंनी तो निरोप नरेशरावांना पाठवला.

"जिंकलीस," ते फोनवर म्हणाले.

"कुणाला हरवलं, ते विचारा."

 

*

त्यांनी परतीचे तिकीट एक दिवस पुढे ढकलले आणि रात्री विमानतळाच्या आगमन दारापाशी जाऊन उभ्या राहिल्या. जोनमणीला नुसते पाहायचे होते. जमले तर तिच्या मुलीला काहीतरी द्यायचे होते. त्यांनी बाजारातून तिळाचे लाडू घेतले होते, तिथेही ते मिळतात याचे त्यांना नवल वाटले होते.

नागपूरचे विमान वेळेवर उतरले. माणसे बाहेर येऊ लागली. घाईत, पिशव्या सांभाळत, सणाच्या गडबडीत. दारापाशी आरडाओरडा झाला, मिठ्या झाल्या. मग गर्दी विरळ झाली. वैमानिक आणि सेविका आपापल्या चाकांच्या बॅगा ओढत निघून गेले. कठड्यापाशी सुमेधाबाई उरल्या, आणि थोड्या अंतरावर एक म्हातारी व नऊ-दहा वर्षांची मुलगी. मुलीने नवा फ्रॉक घातला होता. बिहूला घरी येणाऱ्याच्या गळ्यात घालतात तो लाल काठाचा पांढरा पंचा तिने हातात घडी करून धरला होता.

फोन वाजला. शलाका होती. "काकू, केव्हाची लावतेय, सणामुळे तिकडे कुणालाच फोन लागत नव्हता. तुमचा नंबर तिकिटावरून काढला, चुकलं असेल तर माफ करा. आज पण तिचंच नाव आलं. काल ती गुपचूप उतरली ना, आकडा अजून वाढला. अठ्ठ्याण्णव. मी तिला म्हटलं, ओरड ग बाई, मी तुझ्या पाया पडते. तर मला रडताना बघून तिनंच मला पाणी आणून दिलं."

पलीकडे म्हातारीचाही फोन वाजला होता. ती असमियात काही बोलली, मग तिने फोन मुलीच्या कानाला लावला. मुलीने ऐकले. ती रडली नाही. तिने दोनदा होकारार्थी मान हलवली, फोन परत दिला आणि पंचा पिशवीत ठेवला.

तिचे ते मान हलवणे सुमेधाबाईंना सहन झाले नाही. त्या तरातरा कंपनीच्या काउंटरवर गेल्या. काउंटरवरच्या तरुणाने त्यांचा चेहरा पाहिला, मग पडद्याकडे पाहिले, आणि तो उभा राहिला.

"नागपूरहून जोनमणी दास नावाच्या प्रवासी येणार होत्या," सुमेधाबाई हिंदीत म्हणाल्या. "तुम्ही त्यांना सलग दोन दिवस उतरवलंत. त्यांचं लेकरू तिथं उभं आहे. मला तक्रार करायची आहे."

त्याने घाईने कळा दाबल्या. "मॅडम, त्या प्रवाशांची काहीही तक्रार नोंदलेली नाही."

"म्हणून मी करते आहे."

"दुसऱ्याच्या वतीनं तक्रार घेता येत नाही, मॅडम. तशी तरतूद नाही."

"मग ती कुणी घ्यायची? कुणाकडे जायचं? या देशात एक तरी माणूस दाखवा, ज्याच्याकडे हे घेऊन जाता येईल!"

त्यांचा आवाज छताला जाऊन आदळला. या वेळी त्यांना तो काढावा लागला नव्हता. बाकांवर पुढच्या विमानाची वाट पाहत बसलेली माणसे वळली. फोन वर होऊ लागले. कठड्यापाशी म्हातारीने नातीचा हात धरला आणि भांडण दिसताच कुणीही समजूतदार माणूस करतो त्याप्रमाणे तिला घेऊन ती लगबगीने बाहेर पडली.

तरुणाने पडद्यावरचा आकडा खाली जाताना पाहिला.

"मॅडम, कृपा करून शांत व्हा," तो हात जोडून म्हणाला. "आपण अजिबात काळजी करू नका. आपली परतीची जागा पक्की आहे. खिडकीजवळची."